चिंचोक्यांची बेटे



मराठी शिकविणाऱ्या, कलाशाखेच्या एका पदवीधर शिक्षिकेने पदार्थविज्ञानाच्या प्रांतात पाऊल टाकावे, हे कित्येकांना आगाऊपणाचे वाटेल. परंतु हा विषय मी शोधावयास गेले नव्हते. तोच एका जरीच्या काठातून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

स्नेहसंमेलन आटोपल्यावर नाटकाच्या पोशाखांची पेटी आम्ही आवरीत होतो. एका जुन्या शालूच्या काठाची जर सुटून आली होती. एका विद्यार्थिनीने ती सहज नखाने खरवडली. चकाकी निघून गेली आणि बोटांत उरली ती केवळ काचेसारखी पारदर्शक पट्टी. तिने विचारले, “बाई, ही चकाकी हिच्यावर लावली तरी कशी? गोंदाने?” मला उत्तर ठाऊक नव्हते. तसे मी सांगितले आणि उत्तराच्या शोधास लागले. त्या शोधात मला जे गवसले आणि त्यावरून माझे जे मत बनले, ते या लेखात मांडीत आहे.

हा प्रश्न बऱ्हाणपुरात विचारला जावा, याचे मला विशेष वाटले. आमच्या बुधवाऱ्यात आज यंत्रमागांची खडखड ओळखीची आहे. परंतु एके काळी या नगरीची कीर्ती होती ती तलम वस्त्रांसाठी आणि जरीसाठी. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने इथल्या पारदर्शक मलमलीचे आणि सोन्यारुप्याच्या पट्ट्यांच्या कापडाचे वर्णन लिहून ठेवले आहे. हा माल इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पण पोलंडपर्यंत जात असे, असे तो सांगतो. त्या काळची खरी जर करण्याची रीत अशी: चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवावयाचा, ती कांब लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तिची केसासारखी तार काढावयाची, ती तार ठोकून चपटी करावयाची, म्हणजे झाला बादला; आणि तो रेशमी धाग्यावर गुंडाळला, म्हणजे झाली कलाबतू. सोने जाड होते, ते कारागिराने पातळ केले.

आजच्या स्वस्त जरीची रीत नेमकी याच्या उलट आहे. आपली तापी पुढे ज्या सुरतेला जाऊन समुद्राला मिळते, ते शहर आज जरीच्या धंद्याचे मोठे केंद्र आहे. या नव्या जरीचे मूळ म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. तो एका बंद कोठीत ठेवून तिच्यातील हवा जवळजवळ सगळी उपसून काढतात. मग ॲल्युमिनियम इतके तापवितात की त्याची वाफ होते, आणि थंड पापुद्र्यावर ती वाफ जमते, जसे पातेल्यावरील झाकणाला पाणी धरते. वर सोनेरी रंगाचा लेप दिला आणि पापुद्र्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, की झाली जर. वेफर्सच्या पुडीची आतली रुपेरी बाजूही बहुधा अशाच रीतीने होते. हा धातूचा थर अदमासे मिलिमीटरच्या पंचवीस हजाराव्या भागाइतका असतो. म्हणजे एकावर एक रचलेल्या दीड-दोनशे अणूंएवढी त्याची जाडी. येथे जाडाचे पातळ झालेले नाही. जेथे काहीच नव्हते तेथे अणूवर अणू येऊन पटल तयार झाले आहे.

येथे एक सूचना केली पाहिजे. आपण मराठीत ज्याला अणू म्हणतो, त्याला तुमच्या शेजारच्या मुलांच्या हिंदी पुस्तकात ‘परमाणु’ म्हणतात. आणि हिंदीतील ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. सीमेवरच्या गावात राहणाऱ्यांनी एवढे भान ठेवावे, म्हणजे घोटाळा होणार नाही.

आता खरा कुतूहलाचा भाग. आपणांस वाटेल की, धातूचे अणू रंगाच्या हातासारखे सर्वत्र सारखे पसरत असतील. परंतु तसे घडत नाही. पृष्ठभागावर उतरलेला अणू एके ठिकाणी स्वस्थ बसत नाही. उष्णतेच्या हिसक्यांनी तो एका जागेवरून शेजारच्या जागेवर उड्या मारीत भटकत राहतो. भटकता भटकता त्याला दुसरा अणू भेटला, की ते दोघे एकमेकांस धरून बसतात. तिसरा येतो, चौथा येतो, आणि रिकाम्या मैदानात अणूंचा एक पुंजका उभा राहतो. शास्त्रज्ञ या पुंजक्याला ‘बेट’ असेच म्हणतात. मांडवीच्या पात्रातील दिवाडी आणि चोडण ही बेटे पाहत मी लहानाची मोठी झाले, म्हणून हा शब्द मला लगेच आपलासा वाटला. अशी असंख्य बेटे जन्मतात, वाढतात, एकमेकांस भिडतात आणि शेवटी मधली खाडी बुजून अखंड भूमी होते. बेटे सुटी असतात तोवर त्या पटलातून वीज जवळजवळ वाहत नाही; ती एकमेकांस भिडून या काठापासून त्या काठापर्यंत वाट झाली, की वाहू लागते.

सर्वच पटले या मार्गाने जातात असे मात्र नाही. अर्न्स्ट बाउअर या शास्त्रज्ञाने १९५८ साली पटलवाढीचे तीन प्रकार सांगितले. अणूंना खालच्या पृष्ठभागाची ओढ अधिक असेल, तर थरावर थर सपाट चढत जातो. आपल्याच जातभाईंची ओढ अधिक असेल, तर आरंभापासून उंच बेटे होतात. आणि तिसऱ्या प्रकारात एक-दोन थर सपाट होऊन मग त्यांवर बेटे उगवतात. प्लास्टिकवरील ॲल्युमिनियम दुसऱ्या प्रकारात मोडते. तेव्हा शालूच्या त्या काठाचा जन्म बेटांतूनच झालेला होता.

हे सारे वाचून झाल्यावर माझ्या मनात एक शंका आली, आणि ती कलाशाखेच्या माणसाचीच शंका होती. एका चौरस मिलिमीटर पृष्ठभागावर सुमारे दहा लाख कोटी अणूंना पुरेल एवढी जागा असते. त्यांतील प्रत्येकाचे भटकणे दैवाधीन. मग अमुक इतकी बेटे होतील, हे आधी सांगता येणे शक्य तरी आहे काय? ज्याची प्रत्येक उडी अनिश्चित, त्याच्या समुदायाविषयी निश्चित विधान कोण कसे करणार?

उत्तर शोधण्यासाठी आम्ही एक खेळ मांडला. पावसाळ्यातील एका मोकळ्या तासाला वर्गाच्या फरशीवर खडूने शंभर घरांचा पट आखला. आडव्या दहा ओळी, उभ्या दहा ओळी. चिंचोके हेच आमचे अणू. एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून दोनदा चिठ्ठी उचलावयाची: पहिली ओळ सांगेल, दुसरी घर सांगेल, त्या घरात चिंचोका ठेवावयाचा. घर भरलेले निघाले, तर पुन्हा चिठ्ठी. नवा चिंचोका येण्यापूर्वी प्रत्येक एकट्या चिंचोक्यासाठी फासा टाकावयाचा: एक पडला तर वर, दोन पडले तर खाली, तीनला डावीकडे, चारला उजवीकडे, पाच-सहाला जागच्या जागी. पटाच्या बाहेर गेलेला चिंचोका समोरच्या कडेने आत आणावयाचा. दुसऱ्या चिंचोक्याच्या शेजारी पोहोचला, की तो तेथेच कायमचा थांबला. नियम एवढेच.

दोन तुकड्यांनी दोन पट मांडले. पहिल्या पटावर दोन चिंचोक्यांच्या आगमनांमध्ये प्रत्येक एकट्याला फाशाचे एकच दान. दुसऱ्यावर दहा दाने. म्हणजे पहिला पट घाईचा, दुसरा सवडीचा. तास संपला, पुढचा तासही त्यातच गेला. आणि निकाल डोळ्यांपुढे आला. घाईच्या पटावर लहान लहान पुष्कळ बेटे विखुरली होती. सवडीच्या पटावर थोडी, पण मोठी. दोन्ही तुकड्यांनी पट बदलून खेळ पुन्हा मांडला. बेटांच्या जागा पार बदलल्या. परंतु घाईच्या पटावर पुष्कळ आणि सवडीच्या पटावर थोडी, हे काही बदलले नाही. बेट कोठे जन्मेल हे फाशाच्या हाती होते. बेटे किती होतील हे परिस्थितीच्या हाती होते.

याच वेळी एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळेच मी हा लेख लिहीत आहे. अकरावीत गणिताचे तोंडही पाहावयाचे नाही असे जिने ठरवून टाकले होते, आणि घरच्यांनी व आम्ही शिक्षकांनीही ते मुकाट्याने मान्य केले होते, अशी एक मुलगी पटाशी उकिडवी बसून होती. ती म्हणाली, “बाई, आता नवे बेट का होत नाही? पहिले वीस चिंचोके टाकले तेव्हा भराभर बेटे झाली. पुढचे वीस टाकले, तर नवे जवळजवळ झालेच नाही.” कोणी उत्तर देण्यापूर्वी तिनेच दिले: “आता बेटे इतकी जवळ जवळ आहेत की, एकट्या चिंचोक्याला दुसरा एकटा भेटण्याआधी बेटच भेटते.” मी घरी येऊन पुस्तक उघडले. बेटांची संख्या एका मर्यादेला पोहोचून थांबते आणि पुढे येणारे अणू असलेल्या बेटांनाच मोठे करतात, असे तेथे लिहिलेले होते, आणि कारणही हेच दिलेले होते. गणित येत नाही असा शिक्का जिच्यावर आम्ही मारला, तिने हा नियम चिंचोक्यांतून वाचला.

अशा खेळाला शास्त्रात ‘प्रतिमान’ म्हणतात. फासे टाकून हिशेब करण्याच्या या पद्धतीला मोनॅको देशातील द्यूतासाठी प्रसिद्ध अशा एका पेठेवरून ‘माँटे कार्लो पद्धती’ हे नाव मिळाले. त्या नावाचा मेट्रोपोलिस आणि उलाम यांचा निबंध १९४९ सालचा. आमचा फासा हाताने टाकावा लागतो, संगणक तोच क्षणात लाखो वेळा टाकतो; एरवी रीत एकच. या साध्या प्रतिमानाचा एक निष्कर्ष असा की, अणूंच्या वर्षावाच्या मानाने त्यांचे भटकणे हजारपट वाढले, तर बेटांची संख्या सुमारे एक दशांशावर येते. हजाराचे घनमूळ दहा, हे तुम्ही शिकलेलेच आहात. त्या घनमुळाला करावयास असेही एक काम आहे, हे मला मात्र शाळेत कोणी सांगितले नाही.

महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यान तुम्हांपैकी अनेकांनी ऐकले असेल. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या एका झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो. सारथ्याच्या वेषातील नल विश्वास ठेवीत नाही; तो रथ थांबवितो, झाड पाडतो आणि फळे मोजतो. आकडा बरोबर निघतो. तेव्हा ऋतुपर्ण सांगतो की, आपण संख्येत निपुण आहोत आणि फाशांचे रहस्य जाणतो. फासे आणि गणना ही दोन्ही ज्ञाने एकाच माणसाच्या ठायी असावीत, हे त्या प्राचीन कथाकाराला सुचले, याचे मला फार अप्रूप वाटते. परंतु त्याहूनही मला आवडतो तो नलाचा हट्ट. आकडा राजाने सांगितला म्हणून त्याने मान्य केला नाही. त्याने मोजून पाहिले.

प्रतिमान करणाऱ्यांनाही हीच कसोटी लावावी लागते. १९६६ साली अर्लिख आणि हुडा यांनी क्षेत्र-आयन सूक्ष्मदर्शकातून टंगस्टनच्या पृष्ठभागावर एकेका अणूचे भटकणे टिपले. पुढे १९८१ साली झुरिच येथे बिनिग आणि रोरर यांनी असा सूक्ष्मदर्शक सिद्ध केला की, त्याची सुई पृष्ठभागावरून फिरवून एकेका अणूचा उंचवटा चाचपता येतो; १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तेव्हापासून संगणकाने सांगितलेली बेटे आणि प्रत्यक्षातील बेटे शेजारी ठेवून मोजता येऊ लागली. १९९१ साली रुथेनियमवर सोन्याची जी बेटे दिसली, ती नेच्याच्या पानासारखी फाटे फुटलेली होती. भटकत आलेला अणू जेथे लागला तेथेच चिकटला, तर अशीच नक्षी होते, हे प्रतिमानाने दहा वर्षे आधीच सांगून ठेवले होते.

या कार्यात आपलीही माणसे आहेत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पुणे विद्यापीठात पुढे इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधन करणारे एस. व्ही. घैसास आणि अमेरिकेतील मधुकर यांनी १९८६ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात असेच एक प्रतिमान मांडले. त्यांनी केवळ भटकणे आणि चिकटणे एवढ्यावर न थांबता, पृष्ठभागावर उतरलेल्या रेणूंची फाटाफूट आणि संयोग यांनाही हिशेबात घेतले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही पातळ पटलांवर दीर्घकाळ काम चालत आले आहे. कोल्हापूर किंवा पुणे आपणांस परके नाही. तेथील प्रयोगशाळेचे दार आपल्या मुलांना उघडणार नाही असे मानण्याचे काहीच कारण नाही.

आता माझे मत सांगते. पहिले असे की, ‘हा गणिताचा’ आणि ‘ही भाषेची’ अशी जी वाटणी आपण पंधराव्या वर्षी करून टाकतो, ती फार घाईची आहे. गणिताचे काम काय, हे ज्यांनी एकदाही पाहिलेले नाही, त्यांना गणित जमत नाही असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याने वर्षातून एकदा तरी असे एखादे प्रतिमान आपल्या हाताने मांडावे, मोजावे आणि पडताळावे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. खडू, फासा आणि मूठभर चिंचोके पुरतात.

यावर पालक विचारतील, “परीक्षेत हे येते काय?” येत नाही. दोन तास आम्ही त्यात घालविले, आणि तेवढा अभ्यासक्रम मागे पडला, हे मी कबूल करते. विज्ञानाचे जाणकार निराळा आक्षेप घेतील की, चिंचोका म्हणजे अणू नव्हे. तोही आक्षेप मला मान्य आहे. खरा अणू बेटाला लागून पुन्हा सुटूही शकतो. तो दुसऱ्या अणूच्या डोक्यावर चढतो. पृष्ठभागावर पायऱ्या असतात, खोट असते. हे सर्व आमच्या खेळाने वगळले. परंतु काय वगळले हे ज्याला सांगता येते, त्यालाच आपल्याला काय कळले हेही सांगता येते. पाठ केलेल्या उत्तराला ही सोय नसते. त्यात काय वगळले आहे हे पाठ करणाऱ्याला ठाऊकच नसते.

दुसरे मत किंचित धाडसाचे आहे. शिक्षकांना प्रत्येक गोष्टीतून बोध काढण्याची खोड असते, आणि ‘आरंभ नीट तर सर्व नीट’ असा बोध येथे काढण्याचा मोह कोणालाही होईल. मी तो काढणार नाही. कारण तो खरा नाही. तयार झालेले पटल पुन्हा तापविले, तर अणू पुन्हा हलू लागतात, लहान बेटे विरतात आणि मोठी बेटे वाढतात. सोनार धातू तापवून मऊ करतो, त्यातलाच हा प्रकार. आरंभी विस्कटलेले पुढे कधीच सावरत नाही, असे अणूंच्या बाबतीतही म्हणता येत नाही. मग मुलांच्या बाबतीत ते कोणी म्हणू नये.

तथापि एक प्रश्न त्या दोन पटांनी माझ्या मनात रुजविला आहे. घाईच्या पटावर पुष्कळ, पण सुटी सुटी बेटे झाली होती. आम्ही शिक्षक वर्गात धड्यावर धडा ओततो, घरी शिकवणीत पुन्हा तेच. ऐकलेले एक वाक्य मनात भटकून दुसऱ्या वाक्याला भेटेल एवढी सवड मुलांना मिळते काय? उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणते. मुलांची मने म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा नव्हे. परंतु त्या मुलीला ते सुचले, ते दुसऱ्या तासाला, पटाशी काहीही न करता नुसती बसून असताना. पहिला तास संपताच मी चिंचोके गोळा केले असते, तर तिचा प्रश्न मला कधीच ऐकू आला नसता. आणि असे किती प्रश्न मी आजवर गोळा करून पेटीत घातले असतील, याचा हिशेब मला लावता येत नाही.

तिने पुढे कोणती शाखा घ्यावी, हे मी तिला सांगितलेले नाही; ते तिचे तिने ठरवावयाचे आहे. शालूचा तो काठ मात्र आम्ही शिवून टाकला नाही. जर सुटलेली ती पट्टी वर्गाच्या कपाटात, चिंचोक्यांच्या डब्याशेजारी ठेवली आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांनीही ती नखाने खरवडून पाहावी, आणि मला ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा एखादा प्रश्न विचारावा, एवढीच इच्छा.